यांना फोन करू नये

३ फेब्रुवारी, सोमवार

आज अहवाल दिला. अठरा पानं, सात आलेख. साहेबांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात काम." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले. काही वाटलं नाही.

सप्टेंबरात याच खोलीत चाचणीची कल्पना मांडली तेव्हा आवाज थरथरत होता. आज पाणीसुद्धा प्यायले नाही मध्ये.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निष्कर्ष सगळ्या शाखांना गेला. एकच ओळ — आठवणीच्या फोनांचा ग्राहक परत येण्यावर परिणाम दिसत नाही. खाली माझं नाव. नावात एक अक्षर चुकलंय. दुरुस्त करायला सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं सुन्न झालं की हाताला काम द्यावं, असं बाबा म्हणतात. म्हणून क्रमाने लिहून काढते.

आमची कंपनी कानाची मशीनं विकते. मशीन घेतलेल्या माणसाला महिन्यातून एकदा फोन जातो — घालताय ना, त्रास नाही ना, सेल बदलला का. आमच्या शाखेत फोन करणाऱ्या दोघी. एक नवी मुलगी आणि एक काकू. काकू सोळा वर्षं त्याच खुर्चीत आहेत. साहेब मात्र इथे दोनच वर्षं. जाहिरातीसाठी जे जे चालतं — रस्त्यावरचे फलक, पत्रकं, मोफत तपासणी, हे फोन — त्या प्रत्येकाबद्दल त्यांचा एकच प्रश्न. "याने नेमकं होतं काय?" पाठीमागे सगळे त्यांना ग्राफसाहेब म्हणतात.

फोनांचं मोजमाप माझ्याकडे आलं. मी सहाशे ग्राहक घेतले, कॉम्प्युटरकडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग पाडले. तीनशे चालू यादीत — त्यांना नेहमीसारखा फोन. तीनशे बंद यादीत — ऑक्टोबर ते डिसेंबर एकही फोन नाही. मग दोन्हींतले किती जण दुकानात परत येतात ते बघायचं. जो मशीन वापरतो तोच परत येतो. सेल घेतो, साफ करून घेतो, दुसऱ्या कानाचं घेतो. न वापरणारा येत नाही. त्याचं मशीन कपाटात आणि तो पुन्हा पहिल्यासारखा.

चालू यादीतले एकशे बारा आले. बंद यादीतले एकशे नऊ. म्हणजे फरक नाहीच.

मुलाखतीत मी म्हणाले होते, आकड्यांना ओळखपाळख नसते म्हणून मला ते आवडतात. मनापासून म्हणाले होते. आमच्या घरात कुणाचीच कुठे ओळख नव्हती. शाळेचा दाखला काढायलासुद्धा आई चार खेपा घालायची. आकड्यापुढे कोण कुणाचा हा प्रश्न येत नाही, एवढ्यासाठी मी हे शिकले.

दुपारी साहेबांनी काकूंना आत बोलावलं. फोनचं टेबल महिनाअखेर बंद. नवी मुलगी काउंटरवर जाईल. काकूंना दुसऱ्या शाखेत बिलं करायला पाठवू, "बघू," म्हणाले. काकू बाहेर आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"तुझ्या आलेखात मी कुठली गं?"

मी दाखवली. निळी रेघ.

"बारीक आहे. एवढी बारीक तर मी लग्नातही नव्हते."

त्या हसल्या. मीही हसले. तोंडाने.

९ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या वहिनी आल्या होत्या. आईला विचारत होत्या, पोरगी ऑफिसात नक्की करते काय? आई बेकरीत पाकिटं भरते. तिने सांगितलं, मोजते. काय मोजते? आई जरा थांबली आणि म्हणाली, लोक जे काम करतात त्याचा उपयोग झाला का, ते. वहिनी म्हणाल्या, मग एक दिवस आमच्याकडे पाठवा, ह्यांना मोजून जाऊ दे. दोघी खूप हसल्या.

बाबांच्या लक्षात आलं की मी जेवत नाहीये. बाबा गवंडी आहेत, फार बोलत नाहीत. शेवटी मीच सांगितलं — एकशे बारा, एकशे नऊ, काकूंचं टेबल.

"इतकं सारखं?"

"हो."

"दोन भिंती इतक्या सारख्या उतरल्या ना, की मी आधी ओळंबा बघतो. कुणीतरी दोरीला टेकलेलं असतं."

मग ताट उचलून आत गेले. शिकलेल्या मुलीला शिकवल्यासारखं होऊ नये म्हणून असेल, पुढे काही बोलले नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. नसतं सापडलं तर बरं झालं असतं, असंही वाटत नाही. काहीच वाटत नाही. नुसतं लिहिते.

बंद यादीतले एकशे नऊ जण कुठल्या तारखेला आले ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. फक्त किती, एवढंच. आज तारखा लावल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आलेल्यांची आडनावं अ पासून ग पर्यंत. नोव्हेंबरात मधली. डिसेंबर संपता संपता श, स, ह. तीन महिने माणसं आडनावांच्या क्रमाने दुकानात येत होती! माणसं अशी येत नाहीत. कुणीतरी वरून खाली बोट फिरवत त्यांना बोलावल्याशिवाय येत नाहीत.

चालू यादी खरेदीच्या तारखेप्रमाणे होती. आडनावांप्रमाणे लावलेली यादी एकच. ती मीच छापली होती, नंबरांसकट, आणि मीच काकूंच्या हातात दिली होती. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं — यांना फोन करू नये. ती नावं पडद्यावरून गुपचूप काढता आली असती. पण मला वाटलं, लपवाछपवी नको. ज्यांचं काम मोजतोय त्यांना सगळं माहीत असावं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डब्याच्या वेळेला काकू मागच्या जिन्यात बसतात. तिथे गेले. विचारलं.

"हो, केले," काकू म्हणाल्या. जराही लपवलं नाही. "माझ्या फोनवरून केले. रोज पाच. कंपनीचं एक मिनिट खाल्लं नाही."

"पण वर लिहिलं होतं—"

"वाचता येतं मला. तीन महिने म्हणजे काय असतं, माहितीये तुला? नवं मशीन घातलं की भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, स्वतःच्या चावण्याचा आवाज. माणूस वैतागतो आणि काढून ठेवतो. एकदा ठेवलं की ठेवलं. मग घरातले त्याच्याशी बोलायचे थांबतात. तू नावं दिलीस म्हणून तर मला कळलं, कोण कोण राहिलंय."

मी समजावून सांगितलं. तुम्ही बंद यादीलाही फोन केलेत, म्हणून दोन्ही आकडे सारखे आले. सारखे आले, म्हणून फोनांचा उपयोग नाही असं ठरलं. म्हणून टेबल बंद.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ लावत होत्या.

"म्हणजे मी केले म्हणून ते बिनकामाचे ठरले."

"हो."

"अजबच आहे तुमचं."

मग त्यांनी माझा हात धरला. हे साहेबांना सांगू नकोस, म्हणाल्या. नियम मोडला, ग्राहकांचे नंबर स्वतःच्या फोनवर घेतले — एवढं कळलं तर दुसऱ्या शाखेचं बिलांचं कामही जाईल. निवृत्तीला चार वर्षं आहेत. "टेबल जाऊ दे. मला राहू दे."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला जे लागतं ते माझ्यात कुठे शिल्लक दिसलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अहवाल उघडला. बंद केला. उघडला. आकडे तेच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक मार्चला मी कायम होणार. आईने बेकरीत आधीच सांगून ठेवलंय.

गप्प बसले तर काकू वाचतात, मीही वाचते. फोन बंद होतात. सगळ्या शाखांचे मिळून नऊ हजार ग्राहक. त्यांना कुणी विचारणार नाही, आणि कारण म्हणून माझा कागद दाखवला जाईल. खोटा कागद. सांगितलं तर काकू जातात. मी तोंड धुताना याचा विचार करते, बसथांब्यावर करते, आणि पोट दुखायला हवं तिथे काही दुखत नाही. दंतवैद्याने सुई दिल्यावर गाल असतो तशी आहे मी सगळी. चावलं तरी कळणार नाही.

 बाबा सकाळी निघताना म्हणाले, चुकलेली भिंत पाडायला हिंमत लागते गं, बांधायला नाही. ते त्यांच्या कामाबद्दल बोलत होते. तिथेही काहीतरी पाडायचं होतं आज.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

साहेबांना म्हणाले, चाचणी चुकली, चूक माझी. जिला फोन करायचे नव्हते ती यादी मी नंबरांसकट फोनच्या टेबलावर दिली. त्या लोकांना फोन गेलेत. अहवाल मागे घ्यायला हवा.

कुणी केले हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. टेबलाला खुर्च्याच दोन आहेत.

 ते म्हणाले, सगळ्या शाखांना कळवून झालंय, आता मागे घ्यायचं म्हणजे माझं हसं. आणि लगेच पुढे — ठीक आहे, पुन्हा करा. नवीन चिठ्ठ्या, नवीन याद्या, सहा आठवडे. यादी कुणाच्याही हातात द्यायची नाही. तोवर टेबल चालू राहील, कोणी काय केलं यात मी पडत नाही. तुमचं कायम होणं तोवर पुढे. "आणि ही पण बिघडली तर तिसरी नाही. टेबल बंद, टेबलावरचे घरी. तुमचंही मग बघावं लागेल."

आभार मानून बाहेर आले. काकू फोनवर होत्या. कुणाला तरी सांगत होत्या, उलटा बसला असेल सेल, काढा आणि पालथा घाला.

घरी सांगितलं, कायम व्हायला वेळ लागेल. आई म्हणाली, मग मी बेकरीत काय सांगू? बाबा म्हणाले, पाव गरम आहेत म्हणून सांग.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काकूंना पुन्हा जिन्यात गाठलं. त्या चिडलेल्या होत्या. सांगू नकोस म्हटलं होतं ना, म्हणाल्या. मग मी साहेबांचं सगळं बोलणं सांगितलं, तेव्हा जरा निवळल्या. पुढचं सांगणं अवघड होतं.

"म्हणजे फोन कामाचे आहेत हे दाखवायला तीनशे जणांना फोन करायचे नाहीत."

"सहा आठवडे. फक्त सहा आठवडे."

"आणि त्यांनी मशीन काढून ठेवली की तू जिंकलीस."

"आपण."

"बरं, आपण." पुढचा घास त्यांनी हातातच धरून ठेवला. "ते कुठले तीनशे, हे मला कळणार नाही ना?"

"नाही."

"बरंय मग. कळलं तर माझ्याच्याने होणार नाही."

त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. सगळ्यांचे नंबर हिच्यात आहेत, म्हणाल्या, कुलपात ठेव. नाहीतर माझा हात फोनकडे जाईल.

जागेवर येऊन उघडली. नाव, नंबर, पुढे एकदोन शब्द. डावा कान. जेवताना काढतात. सून चांगली आहे. मुलाबद्दल विचारू नये. शिट्टी वाजत होती, कान वर ओढून, कानातला भाग मागे फिरवून बसवायला सांगितलं, थांबली. असं पानंच्या पानं. माझ्या तक्त्यात या लोकांचे तीन रकाने आहेत — वय, तारीख, आले की नाही.

कुलपात ठेवली. किल्ली माझ्याकडे.

३ मार्च, सोमवार

नवी चाचणी सुरू. बंद यादीतली नावं फोनच्या पडद्यावर दिसणारच नाहीत. बाहेरून येणारे फोन सहा आठवडे माझ्या टेबलावर. बंद यादीतल्या कुणी स्वतःहून फोन केला तर नंबर लाल दिसेल. त्यासाठी नियम लिहिला — दुकानाची वेळ आणि पत्ता सांगावा, बाकी बोलू नये. नियम माझाच. सही साहेबांची.

१० मार्च, सोमवार

चालू यादी १४. बंद यादी ९.

१७ मार्च, सोमवार

चालू २९. बंद १२. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. दोन रेघा आता कात्रीसारख्या उघडायला लागल्यात. "हां! आता कसा बोलतो ग्राफ." असाच गेला तर फोन सगळ्या शाखांत वाढवू, म्हणाले.

म्हणजे मी बरोबर होते. फोन कामाचे आहेत. काकू राहतील. मी कायम होईन. संध्याकाळी आईने विचारलं, आज बरं गेलं वाटतं? हो म्हणाले. मग हात धुताना सहज वजाबाकी केली. एकोणतीस वजा बारा. ही सतरा माणसं या दोन आठवड्यांत कुठेतरी गप्प बसलीयत, आणि ती तशी बसावीत म्हणून मी रोज सकाळी आकडे बघते.

हात धुतले. जेवले. झोपले.

२४ मार्च, सोमवार

चालू ४३. बंद १४.

अकराच्या सुमारास लाल नंबर. एक बाई. सासऱ्यांचं मशीन परत घेता का म्हणून विचारत होत्या. का? तर दोन महिने बरं चाललं होतं, आता शिट्टी वाजते, ते वैतागले, काढून ठेवलंय. "आम्हाला वाटलं तुमच्याकडून कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. मग म्हटलं चालतच नसेल ते."

मला उत्तर माहीत होतं. अगदी शब्दांसकट.

मी म्हणाले, दुकान दहा ते सात उघडं असतं. पत्ता सांगितला.

त्या म्हणाल्या, त्यांना जिना उतरवत नाही हो. मी म्हणाले, दहा ते सात.

२६ मार्च, बुधवार

आज सहा लाल फोन. कुणालाच काही घ्यायचं नव्हतं. सेल नको, दुरुस्ती नको. सहाही जणांनी एकच विचारलं — त्या बाई बऱ्या आहेत ना? या महिन्यात फोन आला नाही म्हणून. एक आजोबा म्हणाले, आजारी असतील तर सांगा, मी कुणाला सांगणार नाही. पाच जणांना वेळ आणि पत्ता सांगितला. हे फोन कुठल्या रकान्यात लिहायचे कळेना. आले नाहीत, घेतलं काही नाही. म्हणजे शून्य.

सहावा फोन त्याच आजोबांचा. तो धरून ठेवला आणि काकूंकडे नेला. म्हटलं, घ्या. तुम्हाला विचारतायत.

काकूंनी लाल आकडा पाहिला. हात मांडीखाली घातले, लहान मुलं घालतात तसे.

"नको. अडीच आठवडे राहिलेत. तूच म्हणालीस ना, मी केले की बिघडतं? मग सांग त्यांना वेळ आणि पत्ता."

"काकू—"

"नको म्हटलं ना, बाळ. मला आता जमायला लागलंय."

त्यांचा चेहरा पाहिला. तो मी रोज आरशात बघते.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी साहेबांना लिहून कळवलं. बंद यादीला आजपासून मी फोन करत आहे, माझ्या नावाने. प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ लिहीन. कालपर्यंतचे आकडे वेगळे ठेवले आहेत आणि ते खरे आहेत. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

उत्तराची वाट पाहिली नाही. पहिला फोन सोमवारच्या त्या सूनबाईंना. त्यांनी मशीन शोधून काढलं, सासऱ्यांच्या कानात घातलं. मी सांगत होते — कान वर ओढा, मागे फिरवा, अजून थोडं. पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगितलं. शिट्टी थांबली. मग फोनवर एक म्हातारा आवाज आला.

"ओरडू नका, बाई. ऐकू येतंय मला."

मी ओरडत होते, हे मला कळलंच नव्हतं.